मालवणच्या पुढचा किनारा: कोकण सफरीचे शेवटचे तीन दिवस कसे आखावेत

रेवस-मांडव्यापासून किनाऱ्या-किनाऱ्याने कोकण उतरणारी मंडळी श्रीवर्धन, हर्णे, गणपतीपुळे, देवगड असं निवांत करत मालवणात पोचतात. तिथे किल्ला होतो, तारकर्ली होते, सुरमईचं ताट होतं आणि मग एकदम घराचे वेध लागतात. सोमवारचं ऑफिस, मुलांची शाळा, घाटातली गर्दी. उरलेला किनारा 'पुढच्या वेळी बघू' म्हणून सोडून दिला जातो आणि गाडी कुडाळला हायवेला लागते. मला याचं फार वाईट वाटतं. कर्ली नदी ओलांडली की वेंगुर्ला तालुक्यात जो किनारा सुरू होतो, तो माझ्या मते या सबंध सागरी रस्त्यावरचा सगळ्यात देखणा तुकडा आहे. रेवस ते रेडी असं ज्या रस्त्याचं नाव, त्यावर रेडीपर्यंत न जाता परत फिरू नये.

हा लेख मालवणपर्यंत स्वतःच्या गाडीने आलेल्यांसाठी आहे. हातात तीन दिवस आहेत आणि पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरकडे परतायचं आहे असं धरून लिहितो. दोनच दिवस असतील तर काय गाळायचं तेही ओघात येईल.

आधी परतीचा घाट ठरवा

शेवटचे दिवस उलट्या बाजूने आखायचे. घरी किती वाजता पोचायचं, त्यासाठी घाट किती वाजता चढायचा, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम कुठे हवा, हे आधी कागदावर मांडा. किनाऱ्याचे दिवस त्यानंतर. बहुतेक जण शेवटच्या दुपारपर्यंत समुद्रावर रमतात आणि मग अंधारात, थकलेल्या अंगाने घाट चढतात. दमछाक होते ती तिथे.

सिंधुदुर्गातून वर जायला बरेच घाट आहेत, पण शेवटचा मुक्काम वेंगुर्ला-शिरोडा भागात असेल तर पहिली पसंती आंबोलीला. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी अठ्ठावीस-तीस किलोमीटर, तिथून आंबोली साधारण तेवढंच. पुढे आजरा-गडहिंग्लजकडून पुणे-बंगळूर महामार्ग गाठता येतो. सावंतवाडी ते कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास पडतं आणि कोल्हापूर-पुणे २३० च्या. म्हणजे वेंगुर्ल्याहून सकाळी सातच्या आत निघालात तर आंबोलीत नाश्ता, कोल्हापुरात जेवण आणि संध्याकाळी पुणे, असं जमतं. महामार्गाच्या सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते लागू शकतात, म्हणून तास-दीड तास जास्तीचा धरा.

कणकवलीहून फोंडा घाट दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातून कोल्हापूरला नेतो, वैभववाडीहून करूळ घाट गगनबावड्याला. मालवणातूनच परत फिरायचं असेल तर हे दोन जवळचे. दोडामार्गाकडून तिलारीचा घाट नकाशावर जवळचा दिसतो, पण तो अरुंद आहे आणि चढ अंगावर येणारा. घाटात हात बसलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. गोव्यातून थेट निघणाऱ्यांना बेळगावकडे चोर्ला घाट आहे.

मुंबईकरांना मुंबई-गोवा महामार्ग सरळ पडतो. सावंतवाडीहून पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. सिंधुदुर्गातला चौपदरी रस्ता उत्तम आहे, म्हणून पहिले दोन तास भरभर जातात आणि सगळा प्रवास असाच होईल असं वाटायला लागतं. त्या भरवशावर वेळेचं गणित करू नका. बारा तास धरा आणि शक्यतो चिपळूणच्या आसपास एक मुक्काम करा.

कोणताही घाट धरा, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्थानिक माणसाला विचारा. पावसाळ्यात दरड येते, एरवी काँक्रिटीकरणासाठी घाट महिनोन्‌महिने बंद राहतात आणि नकाशाच्या ॲपला ते नेहमी वेळेवर कळतंच असं नाही. एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक, पेट्रोल पंपावरचा पोरगा, ट्रकवाले यांना सगळं ठाऊक असतं. 'घाट चालू आसा काय?' एवढं विचारलं तरी रस्त्याच्या खड्ड्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळी माहिती मिळते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घाट सोसत नसेल तर त्यांना कुडाळहून किंवा सावंतवाडी रोड स्टेशनवरून रेल्वेने पाठवणं हा चांगला पर्याय आहे. दादरला जाणारी तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीतूनच सुटते. आरक्षण मात्र सफर सुरू होण्याच्या बरंच आधी झालेलं हवं आणि सावंतवाडीचं स्टेशन गावापासून लांब आहे हे वेळ काढताना ध्यानात असू द्या.

मालवण सोडायच्या आधी

सिंधुदुर्ग किल्ला राहिला असेल तर पहिल्या सकाळी तोच करा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा, जिथे त्या कामाचं भूमिपूजन झालं, तो बघायला फार लोक जात नाहीत. तिथे अवश्य जा. किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. होड्या बंदर जेटीवरून सुटतात. सकाळी लवकर गेलात तर ऊनही कमी आणि रांगही. मे महिना संपता संपता होड्या आणि जलक्रीडा बंद होतात आणि पावसाळा ओसरल्यावरच पुन्हा चालू होतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये किल्ला लांबूनच बघावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. त्या दिवसांत ताटात ताजा बांगडा नसेल तर खानावळवाल्याला बोल लावू नका.

भरती-ओहोटीची वेळ काढायचा जुना हिशोब इथे फार कामाचा आहे. दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या सुमारास पूर्ण भरती, मग ती शुद्ध तिथी असो की वद्य. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईकडे जास्त नेमका बसतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून सिंधुदुर्गात पाऊण-एक तास अलीकडे धरा. पोहायला उतरायचं असेल तर मात्र एवढ्यावर विसंबू नका, तिथल्या मच्छीमारांना विचारा.

मालवणातच टाकी भरून घ्या आणि रोख पैसे काढून ठेवा. पुढे निवती, खवणे, भोगवे या बाजूला मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि रेंज गेली की यूपीआयही अडतं. वेंगुर्ल्यापर्यंतचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

पहिला दिवस: कर्ली ओलांडून वेंगुर्ल्याकडे

देवबागच्या टोकाला उभं राहिलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगव्याची वाळू दिसते. होडीने पाच-दहा मिनिटांचं काम. गाडीने मात्र मागे फिरून, नदीच्या वरच्या अंगाला पूल गाठून, पुन्हा खाली उतरावं लागतं आणि त्यात तासाहून जास्त वेळ जातो. नकाशावर बोट ठेवून अंतर मोजणारे इथे फसतात. कोकणात खाडीपलीकडचं गाव दिसतं जवळ, असतं लांब.

वाट अशी धरा: मालवण, चौके, धामापूर, नेरूरपारचा पूल, मग वालावल-पाटकडून परुळे. धामापूरचा तलाव रस्त्याला लागूनच आहे. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही भरलेला असतो आणि काठावरच्या भगवती मंदिराच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. पुढे वालावलला लक्ष्मीनारायणाचं मंदिर आणि त्यालाही तळं. दोन्ही ठिकाणी मिळून तासभर पुरतो. समुद्र बघून बघून डोळे दिपलेले असतात, त्यांना या गोड्या पाण्याच्या सावलीने बरं वाटतं.

परुळ्याहून समुद्राकडे उतरणारे फाटे फुटतात. वेळ एकाच फाट्याला असेल तर किल्ले निवती निवडा. गाडी खाली ठेवून थोडं चढून गेलं की तटाच्या कडेवरून भोगव्याचा लांबलचक किनारा एका नजरेत येतो. दुपारी बारा ते तीन हा चढ टाळा, वर सावली नाही. चपलेऐवजी बूट घाला, जांभ्याचे दगड निसरडे आणि धारदार असतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायाखाली काठीने आपटत चला.

निवती-भोगव्याकडे जेवायचं असेल तर सकाळीच फोन करून माणसं किती ते सांगून ठेवा. इथल्या खानावळी घरगुती आहेत. सांगितल्यावर मासे आणले जातात, वाटप वाटलं जातं. ऐनवेळी आठ जण दारात उभे राहिले तर त्या बाईची तारांबळ होते आणि आपणही दोन तास उपाशी बसतो.

खवण्याला कांदळवनातून कायाक चालवता येते. पोहता येत असो वा नसो, जॅकेट अंगात हवंच. त्यापुढे कोंडुरा आणि वायंगणी. वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावकरी ती घरटी राखतात आणि हिवाळा सरता सरता पिल्लं समुद्रात सोडली जातात. त्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर बॅटरी फिरवू नका, मोबाइलचा दिवाही नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात.

मुक्काम वेंगुर्ल्यात किंवा थोडं पुढे उभादांड्याला करा. सागरेश्वरचा किनारा तिथेच आहे, सुरूच्या बनाआड.

दुसरा दिवस: वेंगुर्ल्यापासून महाराष्ट्राच्या टोकापर्यंत

हा दिवस अंतराने अगदी छोटा आहे. वेंगुर्ला ते रेडी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. म्हणून लोक याला अर्धा दिवस देतात. पूर्ण दिवस द्या. दोनच दिवस हातात असतील तर कालचं खवणे-वायंगणी गाळा, आजचं काही गाळू नका.

सकाळी सातच्या आधी किनाऱ्यावर या. रापण लागलेली असेल तर तिच्यासारखं बघण्याजोगं दुसरं काही नाही. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं वाळूवर आणलेली असतात आणि दोन्ही बाजूंना माणसं दोराला लागलेली असतात. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येतात. शेवटच्या टप्प्यात पाणी चांदीसारखं उसळायला लागतं, मग जाळ्याचं पोट वाळूवर येतं: तारली, बांगडे, पेडवे, मधेच एखादा खेकडा. विचारून दोराला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. फोटोसाठी जाळ्यात पाय मात्र घालू नका, त्यात विषारी काट्याचे मासे असतात. मासे घ्यायचे तर तिथेच घ्या आणि उतरलात तिथल्या स्वयंपाकघरात द्या.

वेंगुर्ला गावात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत, सतराव्या शतकातले. इमारत ढासळलेली आहे, भिंती मुळांनी धरून ठेवल्या आहेत. दहा-पंधरा मिनिटं थांबा. तिथून बंदरावर आणि दीपगृहाच्या टेकडीवर. कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल या नगरपालिकेचं नाव राज्यभर झालेलं आहे. गाडीत चार दिवस साठलेला कचरा बाहेर काढायचा तर ओला, सुका, प्लास्टिक असा वेगळा करूनच द्या.

मोचेमाडच्या उतारावर गाडी बाजूला घ्यायला जागा दिसली तर घ्या. नदी समुद्राला मिळते ते वळण वरून दिसतं. मग आरवली. वेतोबाला केळ्यांचा घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहायची रीत आहे. देव रात्री गावभर राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. मंदिरात ठेवलेल्या चपलांचे तळ बघा. फोटो काढण्यापूर्वी विचारा.

शिरोड्यात मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले होते. उन्हाळ्यात गेलात तर वाफ्यातून मीठ ओढण्याचं काम चालू असतं आणि जाड मीठ जागेवर विकतही मिळतं. लोणच्याला आणि मासे खारवायला ते उत्तम. वेळागरचा किनारा गावापासून जवळच आहे. समुद्रस्नान करायचंच तर सफरीतलं शेवटचं इथे करा, मात्र गुडघा-कमरेच्या पुढे नाही आणि खाडीच्या मुखाजवळ मुळीच नाही.

रेडीच्या वाटेवर खाणींची तांबडी माती रस्त्यावर येते, काचा वर करून घ्या. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीच्या परिसरातच सापडला. यशवंतगड जवळच आहे. तिथल्या भिंतींना वडाच्या मुळांनी असा विळखा घातला आहे की दगड कुठला आणि मूळ कुठलं ते कळत नाही. डासांसाठी अंगभर कपडे घाला आणि उन्हं कलायच्या आधी खाली या.

यानंतर तेरेखोल. किल्ला नदीच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला आहे, पण हद्द गोव्याची. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला आणि त्यासाठी तुरुंग भोगला. आता तिथे हॉटेल आहे, आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. तटावरून समोर केरीचा किनारा आणि खाली खाडीचं मुख दिसतं. सूर्यास्त इथेच गाठा. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास होतो, मेमध्ये सातला. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचता येईल एवढा वेळ राखा, कारण या रस्त्यांच्या साइडपट्ट्या खोल आहेत आणि वळणावर गुरं बसलेली असतात.

गोव्यात उतरायचं का?

माझं मत विचाराल तर शेवटच्या दिवसांत नको. एका दुपारीत गोवा होत नाही, फक्त दमायला होतं. पण कुणाला मोप्याच्या विमानतळावर सोडायचं असेल किंवा चोर्ल्याने परतायचं असेल तर दोन वाटा आहेत. तेरेखोलहून गाडीसकट फेरीबोटीने केरीला उतरता येतं, फक्त मोठ्या ओहोटीला थांबावं लागू शकतं. किंवा शिरोड्याहून आरोंद्याला जाऊन किरणपाणीच्या पुलावरून पेडण्यात शिरता येतं. रात्री पुलाचीच वाट बरी. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, पलीकडे गेलातच तर टाकी भरून या.

दारूबाबत स्पष्ट सांगतो. गोव्यात विकण्यासाठीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांदा-इन्सुलीला आणि आंबोलीच्या बाजूला तपासणी होते. 'एखादी बाटली चालते' हे ऐकीव आहे, त्यापायी गुन्हा दाखल होतो आणि गाडी जप्त होऊ शकते. कुटुंबाला रस्त्यात उभं करण्याएवढं त्यात काही नाही.

काय घ्यायचं, कसं न्यायचं

खरेदी दुसऱ्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्याच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारात करा. हायवेवरच्या झगमगीत दुकानांत तेच जिन्नस जास्त दराने मिळतात आणि ते किती जुने आहेत हे कळत नाही.

काजूपासून सुरुवात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या म्हणून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी नावं बागायतदारांच्या तोंडी असतात. दुकानात पाटीवर डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० लिहिलेलं दिसेल. तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. चवीत फरक नसतो, त्यामुळे स्वयंपाकासाठी ३२० किंवा तुकडा घेतला तरी चालतं. एक गर मागून घ्या, मोडा. कट्‌कन मोडला पाहिजे. वाकून तुटला तर दमट आहे. मग नाकाशी धरा, खवट वास लगेच येतो. सालीसकट भाजलेले काजू जास्त टिकतात. ओले काजूगर फेब्रुवारी ते एप्रिल मिळतात. ते सोललेलेच घ्या, कारण कच्च्या बियांच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. प्रवासात ते बर्फाच्या डब्यात ठेवा आणि घरी पोचताच फ्रीजरमध्ये टाका.

आमसुलं काळपट जांभळी आणि हाताला जराशी ओलसर लागणारी हवीत. कुडकुडीत वाळलेली जुनी असतात. आगळ आणि सरबताचा अर्क या दोन वेगळ्या गोष्टी: आगळात मीठ, अर्कात साखर. सोलकढीला आगळ लागतं. बाटली घेताना बूच घट्ट आहे का बघा, वर प्लास्टिक लावून सुतळीने बांधा आणि उभीच ठेवा. आंबोलीच्या वळणांवर आडवी झालेली आगळाची बाटली गालिच्याचा रंग कायमचा बदलते. मुठेल मिळालं तर घ्या, कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल टाचांच्या भेगांना लावतात.

सुकी मासळी घेताना नुसतं स्वस्त बघू नका. सुका बांगडा हातात दाबून बघा, पोटाशी मऊ लागला तर नीट वाळलेला नाही. अंगावर गुलाबी डाग असतील तर खराब व्हायला लागला आहे. सुंगटं (सुकी कोळंबी) आणि गोलमो (सुका जवळा) कागदावर पसरून मागा, वाळू किती पडते ते दिसेल. आधी वर्तमानपत्रात, मग जाड पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असं तीन थरांत बांधा, म्हणजे गाडीत वास फिरत नाही. घरी गेल्यावर दोन तास कडक ऊन दाखवून बरणीत भरा.

ताजी मासळी पुण्यापर्यंत नेता येते, मात्र थर्माकोलचा खोका हवा. पोट साफ करून घ्या, तुकडे करू नका. एक थर बर्फ, एक थर मासळी, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी जायला तळाला भोक पाडा आणि खोक्याखाली पसरट ट्रे ठेवा, कारण मासा पाण्यात पडून राहिला की मऊ होतो.

हापूसचे दिवस असतील तर कच्चा, नुकता उतरवलेला आंबा घ्या, पिकलेला नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि आंबा आतून खराब होतो. पेटी मागच्या सीटवर ठेवा, जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा.

याशिवाय मालवणी मसाला, तिरफळ, कुळथाचं पीठ, उकडा तांदूळ, खाजं, फणसपोळी. सावंतवाडीत चितारआळीची लाकडी खेळणी आणि फळं, मोती तलावापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. लहान मुलं असतील तर इथे अर्धा तास जास्तच लागेल.

गाडीची देखभाल

वाळूत गाडी घालू नका. त्यावर कारवाई होते हे तर आहेच, पण चाक रुतलं की भरतीच्या आत गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर मिळेलच असं नाही.

समुद्राकाठी रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस थर येतो. सकाळी निघताना सपाट रस्त्यावर दोन-तीनदा हळू ब्रेक दाबा, तो निघून जातो. पुढच्या काचेवर खाऱ्या हवेचा पातळ पापुद्रा बसतो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. नुसता वायपर फिरवल्याने तो पसरतो. आधी भरपूर गोडं पाणी ओता, मग ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने पुसलंत तर वाळूचे चरे कायमचे राहतील.

घाट चढण्याच्या आदल्या संध्याकाळी टायरची हवा (स्टेपनीसकट), कूलंट, ब्रेक दिवे एवढं बघा. सामान आता वाढलेलं असतं, म्हणून जड वस्तू खाली आणि सीटच्या पाठीला टेकून ठेवा. मागच्या काचेपर्यंत पिशव्या रचू नका, घाटात मागचं दिसायला हवं.

तिसरा दिवस: घाट

उजाडताच निघा. सावंतवाडी सोडली की जांभ्याची तांबडी माती संपत नाही तोवर चढ सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढा. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट देणं उतरणाऱ्याचं काम आहे, हा नियमच आहे. तरीही समोरून भरलेली एसटी किंवा ट्रक आला तर आडमुठेपणा नको, रुंद जागा बघून थांबा. वळणावर हॉर्न द्या आणि ओव्हरटेक करू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. शक्य असेल तर परतीचा दिवस मंगळवार-बुधवार ठेवा. धुक्यात हेडलाइट खालचा ठेवा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, त्याने मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही. पावसाळी संध्याकाळी आणि रात्री आंबोलीच्या रस्त्यावर बेडूक, साप, खेकडे उतरतात. इथली काही जनावरं जगात दुसरीकडे सापडत नाहीत. वेग वीस-तीसवर ठेवा.

वर पोचल्यावर हिरण्यकेशीला तासभर द्या. डोंगरातल्या गुहेतून नदी उगम पावते, समोर कुंड आहे. या कुंडातून सापडलेल्या माशाची नवी जात २०२० मध्ये जगासमोर आली, तिला नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडात साबण, निर्माल्य, खाण्याचे तुकडे काही टाकू नका. आजऱ्याकडे जाताना वाटेत नांगरतासचा धबधबा रस्त्याशेजारीच आहे.

गणपतीच्या दिवसांत हे सगळं वेळापत्रक बदलतं. गौरी-गणपती विसर्जनानंतर चाकरमान्यांचा परतीचा लोंढा सुरू होतो, महामार्गावर आणि घाटांत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. त्या वेळी एक दिवस जास्त राहा किंवा पहाटे चारला निघा.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. सर्व्हिस सेंटरला 'अंडरबॉडी वॉश' सांगितलं की कळतं. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सरच्या आजूबाजूला पाणी मारायला सांगा, मीठ तिथेच अडकून बसतं. गालिचे काढून झटका आणि उन्हात टाका. वाळू ओलसर राहिली तर पत्रा आतून गंजतो. आणि मासळीचा खोका ठेवला होता ती जागा आधी व्हिनेगरच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुसून दिवसभर दारं उघडी ठेवा.